दाद चारचौघांत, इस्लाह एकांतात

'इस्लाह' हा मूळचा अरबी शब्द असून त्याचा साधा अर्थ सुधारणा किंवा दुरुस्ती असा होतो; उर्दू काव्याच्या परंपरेत मात्र या शब्दाला एका ठरावीक व्यवहाराचे नाव म्हणून स्थान मिळाले. नवशिक्या कवीने आपली गझल जाणत्या कवीला दाखवायची, त्याने कुठे एखादा शब्द खोडून, कुठे दोन शब्दांची अदलाबदल करून, तर कुठे समासात कारण नोंदवून ती परत करायची, असा हा व्यवहार होता. दाखवणारा तो शागिर्द आणि तपासणारा तो उस्ताद. मुशायऱ्यात, म्हणजे कवींनी जमून आपल्या रचना ऐकवण्याच्या बैठकीत, शंभर माणसांसमोर मिळते ती दाद. तिच्याआधी दोघांतच होतो तो इस्लाह. कौतुकाची जागा कोणती आणि दुरुस्तीची जागा कोणती, याची ही विभागणी ज्या काळजीने केली गेली होती, तिच्याकडे आज हौशी लेखक, कवी आणि नाट्यवेड्या मंडळींच्या वर्तुळांत जवळजवळ कोणाचेच लक्ष नसते.

सेलूच्या संदर्भात या परंपरेचा विचार करण्यास विशेष कारण आहे. परभणी जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, संस्थानाचा कारभार आणि वरचे शिक्षण उर्दूतून चाले, आणि एकोणिसावे शतक सरता सरता टाकलेल्या हैदराबाद-मनमाड लोहमार्गामुळे या भागाचा राजधानीशी थेट संबंध जडला. कापसाच्या गाठी, कोर्टकज्ज्यांची कागदपत्रे आणि नोकरीच्या शोधात निघालेली मुले ज्या गाडीने हैदराबादला जात, त्याच गाडीने तिकडची भाषाही इकडे येई. 'इर्शाद', 'मुकर्रर', 'वाहवा' हे शब्द मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या तोंडी घरच्यासारखे बसले ते त्यामुळेच. दाद देण्याची ही सारी शब्दसंपत्ती टिकली, आणि तिच्या जोडीचा 'इस्लाह' हा शब्द तेवढा विस्मरणात गेला, ही गोष्ट सूचक म्हणावी लागेल.

या मातीत लिहिणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. सेलूहून रेल्वेने जवळच असलेल्या सातोना या गावी १९१३ साली जन्मलेले बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी, निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी करता करता कवी, कथाकार आणि कादंबरीकार झाले आणि १९५३ साली, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, परभणीत वारले. 'आडगावचे चौधरी' ही त्यांची कादंबरी त्यांच्या पश्चात वाचकांपर्यंत पोचली. अलीकडच्या काळात सेलू तालुक्यातीलच गुगळी धामणगावचे कथाकार आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या संग्रहाला २०१६ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. अशी मोठी नावे वर येतात तेव्हा त्यांच्या खाली, वाचनालयाच्या खोलीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात, गणेशोत्सवाच्या कविसंमेलनात लिहिण्यावाचण्याची एक विस्तृत आणि बहुतांशी अनाम हौस नांदत असते. त्या हौसेला खतपाणी मिळते ते प्रामुख्याने एकमेकांकडून, आणि म्हणूनच एकमेकांच्या लेखनाविषयी खरे बोलता येणे न येणे हा तिच्या दृष्टीने जगण्यामरण्याचा प्रश्न ठरतो.

तालुक्याच्या गावात खरे बोलणे अवघड का जाते, याचे उत्तर माणसांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा नात्यांच्या गुंत्यात शोधलेले बरे. महानगरातला कवी ज्याची टीका ऐकतो त्याला पुन्हा सहा महिने भेटला नाही तरी त्याचे काही अडत नाही; लहान गावात मात्र कविता वाचणारा औषधांचा दुकानदार असतो, ती ऐकणारा त्याचा गिऱ्हाईक असतो, अध्यक्षस्थानी बसलेले सर हे त्या दोघांचेही शाळेतले शिक्षक असतात आणि सूत्रसंचालन करणारी ताई तिघांपैकी एकाची भाची निघते. अशा बैठकीत एका ओळीविषयी उच्चारलेला आक्षेप ओळीपुरता राहत नाही. तो दुकानात जातो, लग्नाच्या पंगतीत जातो आणि 'अमक्याने तमक्याच्या कवितेला नावे ठेवली' या रूपाने आठवड्याभरात परत येतो. 'नावे ठेवणे' हा मराठीतला वाक्प्रचारच मोठा मार्मिक आहे, कारण त्यात दोष वस्तूचा असला तरी नाव माणसाला पडते. परिणामी शहाणी माणसे 'छान', 'सुंदर', 'वा, क्या बात है' एवढ्यावर थांबतात, आणि वर्षानुवर्षे वृत्तात चुकणारा कवी वर्षानुवर्षे टाळ्या घेत राहतो. याउलट कधीतरी साचलेले सारे एकदम बाहेर पडते, भर कार्यक्रमात कोणाचा तरी पाणउतारा होतो, आणि एक चांगला लिहू शकणारा मुलगा पुढच्या बैठकीपासून यायचा बंद होतो. खोटी दाद आणि जाहीर अपमान ही एकाच अभावाची दोन रूपे असून तो अभाव दुरुस्तीला राखून ठेवलेल्या जागेचा आहे.

इस्लाहाच्या परंपरेने ही जागा कशी निर्माण केली होती, हे तिच्या काही ठळक उदाहरणांवरून दिसते. मिर्झा गालिब (१७९७-१८६९) यांची पत्रे उर्दू गद्याचा नमुना म्हणून वाचली जातात, परंतु त्यांतील बराच भाग शागिर्दांच्या रचनांवरील बारीकसारीक टिपांचा आहे. मुन्शी हरगोपाल तफ्ता या लाडक्या शिष्याला लिहिलेल्या पत्रांत अमुक शब्द फारसीत या अर्थाने चालत नाही, तमुक क्रियापद येथे का खटकते, अशा चर्चा पानोपानी आढळतात. त्या टिपांत थट्टा आहे, चिडचिड आहे, पण बोट कायम शब्दावर ठेवलेले आहे. खुद्द गालिब यांच्या बाबतीत टीकेच्या दोन्ही तऱ्हा एकाच वेळी घडल्या. त्यांची सुरुवातीची शायरी अतिशय दुर्बोध होती आणि हकीम आगाजान ऐश यांनी भर मुशायऱ्यात तिची खिल्ली उडवली. दुसरीकडे मौलवी फज्ले हक खैराबादी या विद्वान मित्राने खासगीत समजावले आणि त्या सल्ल्यानुसार गालिब यांनी दिवाणातून, म्हणजे आपल्या काव्यसंग्रहातून, कितीतरी शेर स्वतःच्या हाताने वगळले, असे मुहम्मद हुसेन आझाद यांनी 'आब-ए-हयात' या १८८० च्या ग्रंथात नोंदवले आहे. आझाद यांच्या हकिकती रंगवलेल्या असतात, हा आक्षेप अभ्यासक घेत आले आहेत. पण १८२१ च्या हस्तलिखितातील कितीतरी रचना १८४१ च्या छापील दिवाणात नाहीत, हे दोन्ही ताडून पाहणाऱ्याला दिसतेच.

हैदराबादचा थेट संबंध येतो तो दाग देहलवी (१८३१-१९०५) यांच्यापाशी. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे काव्यगुरू म्हणून दाग हैदराबादेत स्थिरावले आणि हिंदुस्थानभरातील शागिर्द त्यांना टपालाने गझला पाठवू लागले. अशा गझला पाठवणाऱ्या तरुणांमध्ये मुहम्मद इक्बाल हेही होते. काही काळ दुरुस्त्या करून दिल्यावर या कवितेत आता दुरुस्तीला फारसा वाव उरलेला नाही, असे दाग यांनी कळवले, ही गोष्ट इक्बाल यांच्या 'बांग-ए-दरा' या संग्रहाच्या प्रस्तावनेत अब्दुल कादिर यांनी सांगितली आहे. गुरुशिष्यांच्या या व्यवहारात टपालाचा वाटा लक्षात घेण्याजोगा आहे. कागदावर केलेली दुरुस्ती चारचौघांत होत नाही, ती वाचताना शिष्याचा पडलेला चेहरा कोणी पाहत नाही, आणि पहिला राग ओसरल्यावर तोच कागद पुन्हा उघडता येतो. शिवाय गझल पाठवणे हीच दुरुस्तीची मागणी असते. न मागता दिलेला इस्लाह या परंपरेत आगाऊपणा समजला जाई.

दुरुस्ती प्रत्यक्षात कशी होते हे पाहण्यासाठी, केवळ उदाहरणादाखल येथेच रचलेला एक शेर घेता येईल. शेर म्हणजे दोन ओळींचा स्वयंपूर्ण घटक आणि त्यातील प्रत्येक ओळ म्हणजे मिसरा. एका नवोदित कवीच्या वहीत पुढील शेर आहे अशी कल्पना करावी:

पूर आला, धान्य सारे वाहिले
फार आता दुःख झाले या मनी

वृत्ताच्या दृष्टीने या ओळी निर्दोष आहेत. मराठी गझलकार लघु अक्षराला 'ल' आणि गुरू अक्षराला 'गा' म्हणून वृत्ताचा जो आराखडा मांडतात त्याला लगावली म्हणतात. येथील लगावली 'गालगागा गालगागा गालगा' अशी असून दोन्ही मिसरे तीत अचूक बसतात. नवा कवी बहुधा येथेच समाधान पावतो, कारण मात्रा मोजून मोजून त्याची बोटे दुखलेली असतात. तपासणाऱ्याला मात्र तीन जागा खटकतील आणि त्या तिन्हींचे स्वरूप वेगवेगळे आहे.

पहिली जागा 'वाहिले' ही. धान्य वाहून गेले असे कवीला म्हणायचे आहे, परंतु 'वाहिले' म्हणताच देवाला फूल वाहावे तसे धान्य वाहिल्याचा अर्थ डोकावतो, आणि तो अर्थ येथे कवीला अभिप्रेत नाही. ही चूक दाखवताना वादाला जागा नसते. दुसरा अर्थ एकदा उच्चारून दाखवला की कवी स्वतःच कपाळावर हात मारतो. दुसरी जागा 'मनी' या शब्दाची आहे. या गझलेच्या आधीच्या शेरांत 'पापणी', 'टोचणी', 'चाळणी' अशी यमके आली आहेत असे समजले तर 'णी' या अक्षराशी 'नी' जुळत नाही. यमकाच्या अशा शब्दांना काफिया म्हणतात आणि काफियाच्या अखेरच्या अक्षराआधी कायम राहणाऱ्या स्वराला अलामत म्हणतात. 'पापणी' आणि 'टोचणी' यांत तो स्वर 'अ' आहे, त्यामुळे 'कहाणी' हा शब्द 'णी'ने संपत असूनही या मालिकेत चालणार नाही, कारण तेथे 'आ' येतो. हाही दोष नियमाने सिद्ध करता येतो.

तिसरी जागा खरी कसोटीची, कारण तिथे नियम मदतीला येत नाही. 'फार आता दुःख झाले या मनी' या संपूर्ण ओळीत सांगण्यासारखे एकही अक्षर नाही. 'फार', 'आता' आणि 'या' हे भरतीचे शब्द, म्हणजे वृत्ताचे खड्डे बुजवण्यासाठी टाकलेले शब्द आहेत, आणि दुःख झाल्याचे विधान ऐकणाऱ्याला दुःखाच्या जवळही नेत नाही. जुना उस्ताद असता तर त्याने ओळ सरळ खोडून वर नवी लिहिली असती. ती अशी असू शकली असती:

पूर आला, घेउनी गेला पिके
राहिली कणगी रिकामी अंगणी

धान्य साठवण्याची बांबूची कणगी रिकामी उभी आहे एवढे दाखवले की 'दुःख' हा शब्द अनावश्यक होतो, 'वाहिले'चा घोळ मिटतो आणि काफियाही जुळतो; 'कण' या दोन लघूंचा एक गुरू धरण्याची सूट मात्र घ्यावी लागते. दुरुस्ती उत्तम झाली, यात शंका नाही. तथापि शेर आता कोणाचा, हा प्रश्न उरतो, आणि उस्ताद-शागिर्द पद्धतीची सर्वांत मोठी उणीव याच प्रश्नात आहे. शिष्याच्या वहीत उस्तादाच्या ओळी साचत जातात, मुशायऱ्यात दाद मिळते ती त्या ओळींना, आणि शिष्याची नजर जिथल्या तिथे राहते. हौशी मंडळींच्या दृष्टीने दुसरी वाट अधिक उपयोगाची आहे, ती म्हणजे जागा दाखवून नवी ओळ न सुचवता प्रश्न विचारण्याची: पूर ओसरल्यावर घरात पाऊल टाकले तेव्हा पहिल्यांदा नजर कुठे गेली? या प्रश्नाला एखादा कवी कणगी म्हणेल, दुसरा ओल्या भिंतीवरची पाण्याची रेघ म्हणेल, तिसरा खुंटीवरचा रिकामा कासरा म्हणेल, आणि त्यांपैकी कोणतेही उत्तर त्याचे स्वतःचे असेल. विधायक टीका या जड शब्दाने जे सुचवले जाते ते इतके साधे आहे: कर्त्याला काय करायचे होते ते आधी ओळखणे, ते कुठे झाले नाही ती जागा नेमकी दाखवणे आणि पुढचे काम त्याच्या हाती राहू देणे.

मराठीत बरोबरीच्या कवींनी एकमेकांना ऐकवण्या-तपासण्याचा प्रयोग यापूर्वी झाला होता. पुण्यात १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळात माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, द. ल. गोखले आणि नाट्यछटाकार दिवाकर हे रविवारी चहाच्या निमित्ताने जमत, नव्या रचना वाचत आणि त्यांवर चर्चा करीत. येथे कोणी उस्ताद नव्हता आणि कोणी शागिर्द नव्हता. मंडळाच्या कवींनी काव्यगायनाला लोकप्रिय केले, हे त्यांचे यश. आणि वर्तुळ आतल्या आत फिरू लागले की सर्वांच्या लकबी सारख्या होत जातात, ही त्यांची मर्यादा. ती मर्यादा बाहेरच्या माणसाने दाखवली. प्रल्हाद केशव अत्रे यांनी केशवकुमार या नावाने लिहिलेल्या 'झेंडूची फुले' या १९२५ च्या विडंबनसंग्रहात त्या काळच्या कवितेच्या सवयी, तिचे लाडके शब्द आणि तिचा भाबडेपणा असा काही पकडला की वाचकांना मूळ कविता वाचताना विडंबन आठवू लागले. विडंबन ही टीकेची अत्यंत प्रभावी तऱ्हा आहे, पण एखाद्या विशिष्ट ओळीचे काय करावे हे ती कधी सांगत नाही, आणि सेलूसारख्या ठिकाणी शेजाऱ्याच्या कवितेचे विडंबन करू पाहणाऱ्याने आधी आपले घर कोणत्या गल्लीत आहे ते आठवून घ्यावे.

मंडळातील माधव जूलियन हे फारसीचे अध्यापक होते, आणि 'गज्जलांजलि' या १९३३ च्या संग्रहाद्वारे त्यांनी गझलेची वृत्ते मराठीत रुजवण्याचा पद्धतशीर प्रयत्न केला. तरीही मराठी गझल गावोगावी पोचली ती सुरेश भट (१९३२-२००३) यांच्यामुळे, आणि त्यामागे त्यांच्या कवितेइतकाच त्यांच्या शिकवण्याचा वाटा आहे. अमरावतीच्या या कवीने 'गझलेची बाराखडी' या नावाने गझलेचे नियम सोप्या भाषेत लिहून काढले, 'एल्गार' या १९८३ च्या संग्रहाला ते जोडले आणि नव्याने लिहिणाऱ्यांच्या हाती पडतील अशी व्यवस्था केली. नवोदितांशी त्यांचा पत्रव्यवहारही दांडगा होता. बाराखडीमुळे घडलेला बदल फारसा कोणी बोलून दाखवत नाही. नियम एकदा छापून सर्वांसमोर आले की चूक दाखवणाऱ्याला अधिकार मिरवण्याची गरज राहत नाही. अलामत भंगली आहे हे महाविद्यालयातला विद्यार्थी निवृत्त मुख्याध्यापकांना दाखवू शकतो, आणि मुख्याध्यापकांनाही ते पुस्तकात पाहून मान्य करता येते. 'सर, तुमचे चुकले' असे म्हणण्याचा प्रसंगच ओढवत नाही. ज्या समूहात वडीलधाऱ्यांपुढे तोंड उघडणे अवघड असते त्या समूहात सर्वांनी मिळून मान्य केलेला नियमांचा एक कागद मोठा समतावादी ठरतो.

सामाईक कागद नसेल आणि निर्णयाची जागा एकच असेल तर काय होते, याचे उदाहरण 'सत्यकथा' या मासिकाचे आहे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाखाली या मासिकाने कथाकवितांवर इतके बारकाईने काम करून घेतले की त्यांची पत्रे ही कित्येक लेखकांची शाळा ठरली. तिथेच 'साभार परत' हे दोन शब्द कित्येकांच्या जिव्हारी लागले, आणि १९६९ मध्ये लघुनियतकालिकांच्या तरुण लेखकांनी 'सत्यकथे'च्या अंकाची जाहीर होळी केली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी खोडली जात नाही.

हौशी रंगभूमीने हाच प्रश्न अधिक शहाणपणाने सोडवला, असे म्हणण्यास जागा आहे, कारण नाटकाला तालीम असते. महाराष्ट्र शासनाची राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून होत आली असून परभणी हे तिच्या प्राथमिक फेरीच्या केंद्रांपैकी एक आहे. नोकरी-दुकान सांभाळून संध्याकाळी जमणारी मंडळी त्यासाठी महिनोन्‌महिने घाम गाळतात. तालमीच्या शेवटी दिग्दर्शक सगळ्यांना समोर बसवून ज्या सूचना देतो त्यांना नाटकवाल्यांच्या भाषेत 'नोट्स' म्हणतात, आणि त्या घेताना नट वहीत लिहून घेतो, वाद घालत नाही, अशी रीत आहे. 'दुसऱ्या प्रवेशात खुर्चीकडे जाताना वाक्य गिळलेस' ही नोट, आणि 'तुझ्यात जीवच नाही' हा शेरा. पहिलीवर उद्या काम करता येते, दुसऱ्यामुळे रात्रीची झोप जाते. वेळेचेही या लोकांना नेमके भान असते. पहिल्या पंधरवड्यात भूमिकेच्या अर्थाविषयी बोलावे, मधल्या काळात हालचालींविषयी, आणि रंगीत तालमीच्या दिवशी, म्हणजे वेशभूषा व प्रकाशयोजनेसह होणाऱ्या शेवटच्या तालमीत, फक्त दिवा कुठे उशिरा लागला एवढेच सांगावे. त्या दिवशी भूमिकेच्या मुळाशी हात घालणारा हितचिंतक नटाचे आहे तेही घालवतो. भजनी मंडळांत तर ही कला शब्दांच्याही पलीकडे गेलेली दिसते. चाल सुटलेल्या गायकाला कोणी थांबवत नाही. जुना टाळकरी शेजारून आवाज किंचित चढवतो, पखवाजी सम ठसठशीत देतो, आणि गाणारा आपोआप रुळावर येतो.

आता टीका घेणाऱ्याच्या बाजूकडे वळले पाहिजे, कारण ती बाजू नेहमी दुर्लक्षित राहते. 'सोनारानेच कान टोचावेत' या म्हणीत टोचणाऱ्याच्या अधिकाराचा आणि हातोटीचा विचार आहे, परंतु कान पुढे करणाऱ्यालाही काही अक्कल लागते. रचना वाचून झाल्यावर 'मला असे म्हणायचे होते की' या वाक्याने सुरू होणारे स्पष्टीकरण हा सर्वांत सर्रास घडणारा प्रमाद आहे. जे ओळीतून पोचले नाही ते तोंडाने सांगितले की ऐकणाऱ्याचा पहिला, निर्मळ गोंधळ नाहीसा होतो, आणि कवीला उपयोगी पडणारी वस्तू तोच गोंधळ असते. दुसरे असे की सूचना ऐकणे वेगळे आणि मानणे वेगळे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शौक संदेलवी या कवीने मोठा खट्याळ प्रयोग केला: त्याने आपल्या त्याच त्या गझला एकाच वेळी अनेक नामांकित उस्तादांकडे इस्लाहासाठी पाठवल्या आणि आलेल्या सगळ्या दुरुस्त्या शेजारी शेजारी मांडून 'इस्लाह-ए-सुखन' या नावाने छापून टाकल्या. एकाने खोडलेला शब्द दुसऱ्याने जसाच्या तसा ठेवला होता, आणि एकाला खटकलेली ओळ दुसऱ्याने वाखाणली होती. या पुस्तकावरून उस्ताद निरुपयोगी असल्याचा निष्कर्ष कोणी काढला तर तो उतावळेपणा होईल. अनेकांचे बोट जेव्हा एकाच जागेवर पडते तेव्हा ती जागा खरोखर दुबळी असते, मग उपाय प्रत्येकाने वेगळा सुचवलेला का असेना. रोग ओळखण्यात वाचक बहुधा चुकत नाही, औषध सांगण्यात मात्र हमखास चुकतो.

मराठवाड्यातील लिहिणाऱ्यांना आणखी एका प्रकारच्या दुरुस्तीपासून सावध राहावे लागते, ती म्हणजे बोलीची दुरुस्ती. परभणीकडच्या शेतकऱ्याच्या तोंडचा 'पानी' पुण्याच्या छापखान्यात 'पाणी' होऊन यावा आणि त्याबरोबर माणसाचा आवाजही पुसला जावा, असे मराठीत पुष्कळदा घडले आहे. येथे वर घेतलेल्या शेराकडे परत जाता येते. 'मनी' हा शब्द 'पापणी'शी जुळत नाही, हा आक्षेप प्रमाणभाषेत बिनतोड आहे. पण कवीने उत्तर दिले की आमच्याकडे 'पापनी', 'टोचनी', 'चाळनी' असेच म्हणतात, आणि म्हणून संपूर्ण गझलच मी बोलीत लिहितो, तर काफियाच्या त्या आक्षेपाला आधार उरत नाही, कारण अट जुळण्याची आहे आणि त्या उच्चारात सगळे जुळते. अर्धीच गझल बोलीत आणि अर्धी पुस्तकी असेल तर मात्र हे उत्तर पळवाट ठरेल. भरतीच्या शब्दांविषयीचा आक्षेप या उत्तराने तसूभरही हलत नाही. 'फार आता दुःख' बोलीतही तितकेच पोकळ वाजते. एकाच ओळीवरचे दोन आक्षेप, त्यांतील एक परतवलेला आणि एक स्वीकारलेला, असा हिशेब मांडून कवी पुन्हा वहीकडे वळला तर जुनी ओळ वाचता येईल अशी एकच रेघ तिच्यावर ओढून खाली बहुधा असे काही लिहील:

पूर आला, संग नेलं पीक बी
राहिली कनगी रिकामी अंगनी